भयंकर, भयानक, भीषण: कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आहे: "'भयंकर' या शब्दाचा नेमका अर्थ काय? भयानक, भीषण, भयाण, भयावह हे त्याचे समानार्थी शब्द म्हणून आम्ही शाळेत पाठ केले. मग यांतला कोणताही शब्द कुठेही वापरला तर चालतो का? माझ्या मुलीने निबंधात 'भयंकर सुंदर धबधबा' असे लिहिले आणि शिक्षकांनी ते खोडले. ती खरेच चुकली का?"

दुसऱ्यांचा मजकूर तपासणे हाच माझा व्यवसाय आहे. बातम्या, अनुवाद, कथा, अहवाल असे सगळे हाताखालून जाते आणि या शब्दांशी माझी जवळजवळ रोज गाठ पडते. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी शब्दाची घडण पाहू. 'भयंकर'मध्ये 'भय' आहे आणि 'करणारा' या अर्थाचा 'कर' आहे. मग मधला अनुस्वार कुठून आला? नुसते भय + कर जोडले असते तर 'भयकर' व्हायला हवे होते. पाणिनीने यासाठी वेगळे सूत्रच दिले आहे, 'मेघर्तिभयेषु कृञः' (३.२.४३). मेघ, ऋति आणि भय या शब्दांपुढे 'कृ' धातू आला की एक विशिष्ट प्रत्यय लागतो आणि मध्ये 'म्'चा आगम होतो. त्यातून मेघंकर, ऋतिंकर, भयंकर हे शब्द तयार होतात. 'शंकर' वरवर तसाच दिसतो, पण तिथला 'म्' बाहेरून आलेला नाही. 'शम्' म्हणजे कल्याण, ते करणारा तो शंकर. म्हणून 'भयंकर'चा मूळ अर्थ अगदी सरळ आहे: भय निर्माण करणारा. यात वाईटपणाचा उल्लेख नाही, नुकसानीचा नाही, दुःखाचाही नाही. समोरच्याच्या मनात भीती उत्पन्न होते, एवढेच हा शब्द सांगतो. हे पक्के लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा खुलासा याच्यावर उभा आहे.

'भयानक' वेगळ्या वाटेने आला आहे. 'भीमादयोऽपादाने' (३.४.७४) हे पाणिनीचे दुसरे सूत्र. भीम, भीष्म आणि त्यांच्या गटातले शब्द अपादानाच्या अर्थाने होतात, असे ते सांगते. मराठी व्याकरणात आपण जिला पंचमी म्हणतो, 'ऊन, हून'ची विभक्ती, तो हा अर्थ. ज्याच्यापासून माणूस भितो तो भीम, ज्याच्यापासून भितो तो भीष्म. काशिकावृत्तीने, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेने, या गटात भयानकही घातला आहे. म्हणजे भयंकर हा भीतीचा कर्ता, तर भयानक हे भीतीचे उगमस्थान. पहिला काहीतरी करतो. दुसरा नुसता असतो, आणि त्याच्या असण्यानेच आपण मागे सरतो. आजच्या मराठीत हा फरक बराच पुसट झाला आहे हे खरे. तरी कान देऊन ऐकलेत तर तो अजून जाणवतो. 'भयंकर वादळ' म्हणताना वादळाचा जोर डोळ्यांपुढे येतो; 'भयानक दृश्य' म्हणताना दृश्य काही करत नसते, बघणाराच हादरलेला असतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांपैकी एकाचे नाव 'भयानक' आहे, 'भयंकर' नाही, हेही याच्याशी जुळते. त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय; वर्ण काळा, देवता काल. तो बीभत्सातून उपजतो असे भरत म्हणतो. रौद्र रस यापासून अगदी वेगळा: त्याचा स्थायीभाव क्रोध, वर्ण लाल, देवता रुद्र. हा भेद लेखकांनी सांभाळायला हवा, कारण मराठीत 'रौद्र' आणि 'भयानक' सर्रास एकमेकांच्या जागी टाकले जातात. रौद्र म्हटले की ज्याचे वर्णन चालू आहे त्याच्या ठायी क्रोध दिसला पाहिजे. समुद्राने रौद्र रूप धारण केले, हे बरोबर, कारण लाटा खवळलेल्या दिसतात. ओसाड वाडा मात्र रौद्र होऊ शकत नाही. तो भयाण असतो.

आता समानार्थी शब्दांच्या यादीकडे वळू. ती शाळेने काढलेली नाही, अमरकोशापासून चालत आली आहे. अमरसिंहाने एका दमात नऊ शब्द दिले आहेत: भैरव, दारुण, भीषण, भीष्म, घोर, भीम, भयानक, भयंकर, प्रतिभय. रौद्र आणि उग्र ही जोडी त्याने वेगळी ठेवली. शेवटी 'हे सगळे तिन्ही लिंगांत चालतात', म्हणजे ही विशेषणे आहेत, असा शेराही दिला. कोशकाराचे काम तेवढेच होते. पुढे मराठीत या शब्दांनी आपापला संसार निरनिराळ्या ठिकाणी थाटला. 'प्रतिभय' आपल्याकडे आलाच नाही. 'भीष्म' आणि 'भीम' यांची विशेषनामे झाली. 'भैरव' देव झाला, गावोगावचा भैरोबा झाला, आणि पहाटेच्या एका गंभीर रागाचे नावही झाला. राग भैरव ऐकताना आज कुणाला भीती आठवत नाही.

'भीम' मात्र विशेषण म्हणूनही आपल्या तोंडी रोज असतो, फक्त लक्षात येत नाही. 'भीमरूपी महारुद्रा' म्हणताना पुष्कळांना तो पांडवांतला भीम वाटतो. तिथे अर्थ आहे 'भय वाटावे असे रूप असलेला'. त्याच समर्थांच्या शंकराच्या आरतीत 'लवथवती विक्राळा' आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाला अद्भुत म्हटले आहे, उग्र म्हटले आहे, घोर म्हटले आहे, आणि त्याच्या मुखांना 'दंष्ट्राकरालानि भयानकानि' म्हटले आहे. भक्त ज्याला हात जोडतो त्याचेच हे वर्णन. आपल्या भाषेत भयवाचक शब्द हा निंदेचा शब्द नाही, हे यावरून कळते. माणसाच्या आवाक्याबाहेरचे बळ समोर आले की तो येतो.

मग फरक कसा ओळखायचा? मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या वाक्यात भीती नेमकी कुठे आहे? करणाऱ्यात आहे, दिसण्यात आहे, जागेत आहे, हानीत आहे, की पुढे येणाऱ्या काळात आहे?

एक घटना घेऊन दाखवतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. या आपत्तीला मी 'भीषण' म्हणेन, कारण तिथे हानीचे मान सांगायचे आहे. अंधारात जमीन हलू लागली तो अनुभव 'भयंकर'. ढिगाऱ्यांमधून फिरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होते ते दृश्य 'भयानक'. माणसांची चाहूलच उरली नाही अशा गल्लीतली शांतता 'भयाण'. सगळे घर गमावून एकट्या उरलेल्या माणसाचे दुःख 'दारुण'. असाच धक्का दाट वस्तीच्या शहराला बसला तर काय होईल, हे चित्र 'भयावह'. यांतले कोणतेही दोन शब्द अदलाबदल करून पाहा. 'भयाण आपत्ती' किंवा 'भीषण शांतता' म्हटले तर अर्थ कळेल, पण वाचणारा क्षणभर अडखळेल. ते अडखळणे म्हणजेच शब्द चुकल्याची खूण.

'भीषण'बद्दल आणखी थोडे. दुष्काळ, आग, अपघात, पाणीटंचाई, युद्ध, वास्तव या नामांशी त्याचे जुने नाते आहे. मोठ्या प्रमाणावर, अनेकांना भोगावे लागते अशा संकटाचा हा शब्द आहे. एका माणसाची दाढदुखी भीषण नसते. वर्तमानपत्रांनी मात्र हा शब्द इतका स्वस्त केला आहे की दोन वाहने घासली तरी मथळ्यात 'भीषण अपघात' येतो. मला याचे मनापासून वाईट वाटते. उद्या खरोखरच भीषण काही घडले, तर ते सांगायला शब्द कुठून आणायचा?

'भयाण' हे 'भयानक'चेच प्राकृतातून आलेले रूप. पण मराठीने त्याला स्वतःचा असा प्रांत दिला: रिकामेपण. भयाण रात्र, भयाण माळ, भयाण एकांत, भयाण शांतता. तिथे भीतीचे कारण समोर नसते. कुणीच नाही, हीच भीती. तत्सम शब्दांकडे ही छटा नाही, म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो. 'भेसूर' असाच खास मराठी वळणाचा: आवाज, रडणे, हसणे, चेहरा यांच्यात काही विपरीत असले की भेसूर. 'अक्राळविक्राळ' फक्त आकारासाठी आणि रूपासाठी. अक्राळविक्राळ राक्षस म्हणा, अक्राळविक्राळ लाट म्हणा. अक्राळविक्राळ बातमी नसते.

'भयावह' म्हणजे भय घेऊन येणारे. 'परधर्मो भयावहः' हे गीतेतले वचन सगळ्यांना ठाऊक असते. तिथला अर्थ आजही टिकून आहे: आत्ता घाबरवणारे असे नसेल, पण ज्याच्या पोटात भय आहे असे. म्हणून परिस्थिती, आकडेवारी, शक्यता, परिणाम यांना भयावह शोभतो.

'दारुण' ऐकले की काळीज चिरल्यासारखे वाटते, आणि घडणही तशीच सांगतात: चिरणे, फाडणे या अर्थाच्या धातूपासून तो झाला. उणादिसूत्रांत, म्हणजे धातूंपासून शब्द कसे होतात ते सांगणाऱ्या जुन्या सूत्रांत, करुण आणि दारुण एकाच प्रत्ययाने सिद्ध होतात, हे मला नेहमी लक्षणीय वाटते. मराठीत दारुण आता भीतीकडून पार दुःखाकडे सरकला आहे. दारुण पराभव, दारुण अंत, दारुण निराशा. 'दारुण वाघ' कुणी म्हणत नाही.

'घोर'ची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची. विशेषण म्हणून तो नीतीच्या बाजूला गेला: घोर अन्याय, घोर अपराध, घोर अपमान, घोर फसवणूक. इथे भीती जवळजवळ संपली आहे, गंभीरपणा उरला आहे. पण मराठीने त्याचे नामही केले. 'मुलाच्या तब्येतीचा आईला घोर लागलाय', 'जिवाला घोर'. हे भय नव्हे, आतून पोखरणारी काळजी आहे.

आणि 'अघोर' तर उलटाच फिरला. संस्कृतात अ-घोर म्हणजे घोर नसलेले, सौम्य. शिवाच्या पाच मुखांपैकी एकाचे नाव अघोर आहे, आणि रुद्राध्यायात रुद्राच्या कल्याणकारी तनूला 'अघोरा' म्हटले आहे. मराठीत मात्र 'अघोरी' म्हणजे अंगावर काटा आणणारे क्रूर कृत्य. नरबळीविरुद्धच्या २०१३च्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या नावातच 'अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा' असे शब्द आहेत. तेव्हा कुणी मूळ अर्थाचा दाखला देऊन 'अघोरी म्हणजे सौम्य' असे सांगू लागला, तर व्युत्पत्ती ऐकून घ्या, वापर मात्र मराठीचाच ठेवा. शब्दाचा आजचा अर्थ आजचे बोलणारे ठरवतात.

आता मुलीच्या निबंधाचे. 'भयंकर सुंदर' या रचनेत भयंकर हे धबधब्याचे विशेषण राहिलेले नाही. ते 'सुंदर'ला जोर देते, क्रियाविशेषणासारखे काम करते. 'भयंकर भूक लागलीय', 'भयंकर आवडलं', 'भयंकर हुशार आहे' या सगळ्यांत तेच घडते. ओळखायची खूण सोपी: 'भयंकर' काढून 'खूप' ठेवा. वाक्य तसेच उभे राहिले तर तो जोर देणारा शब्द आहे. बोलताना तर उच्चारावरूनच कळते. जोर द्यायचा असला की आपण मधला अनुस्वार लांबवतो, 'भयंऽऽकर आवडलं'. खऱ्या भीतीबद्दल बोलताना सहसा कुणी असे लांबवत नाही.

अनेक जाणती माणसे याला अलीकडचा बिघाड म्हणतात, इंग्रजीच्या वळणाने आलेला. हे मला पटत नाही, आणि त्याला चांगला पुरावा आहे. 'पूजनात् पूजितमनुदात्तम्' (८.१.६७) या पाणिनिसूत्रावर काशिकावृत्तीने उदाहरणे दिली आहेत 'दारुणाध्यापक' आणि 'दारुणाभिरूपक'. हे स्तुतीचे शब्द आहेत! दारुणाध्यापक म्हणजे विलक्षण चांगला अध्यापक, आणि दारुणाभिरूपक म्हणजे, आजच्या भाषेत सांगायचे तर, भयंकर देखणा. असे जोर देणारे शब्द तिथे गणात, म्हणजे ठरावीक शब्दांच्या यादीत, बांधून दिले आहेत, आणि त्यांत दारुणाबरोबर 'घोर'ही आहे. तेव्हा भीतीच्या शब्दाने कौतुक करणे ही आपल्या घरातली फार जुनी रीत आहे.

मराठीतलाच दाखला हवा असेल तर 'प्रचंड' पाहा. त्यात चंड आहे, म्हणजे उग्र, संतापी. चंडी, चंडिका त्याच कुळातल्या. आज 'प्रचंड आनंद झाला' लिहिले तर कुणीही लाल शाई उचलत नाही. भयंकर त्याच रस्त्याने निघाला आहे, फक्त अजून पोचलेला नाही. त्याचा मूळ अर्थ जिवंत आहे, आणि म्हणूनच 'भयंकर सुंदर' कानाला किंचित खटकते, त्या खटकण्यातच त्याची गंमत असते. मात्र भीतीचे सगळेच शब्द या रस्त्याने जात नाहीत. भयंकर आणि भयानक कौतुकाला चालतात, तरुण मंडळींचा खतरनाकही चालतो. 'भीषण सुंदर' किंवा 'भयाण हुशार' कुणी म्हणत नाही. 'घोर' जोर देतो, पण फक्त वाईट गोष्टींना: घोर निराशा होते, घोर आनंद होत नाही.

शिक्षकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. लेखी मराठीत, त्यातही निबंधात, हा जोर देणारा 'भयंकर' अनौपचारिक वाटतो. पत्रात, कथेतल्या संवादात, गप्पांमध्ये तो हवाच. अहवालात, अर्जात, बातमीत तो नको. दुसरे कारण संदिग्धतेचे. 'यात्रेत भयंकर गर्दी होती' या वाक्यातून खूप माणसे होती एवढेच समजायचे, की चेंगराचेंगरीची भीती होती असे समजायचे? बोलताना आवाज सांगतो, कागदावर सांगणारे कुणी नसते.

म्हणून मी त्या मुलीचा शब्द खोडला नसता, तिला एक प्रश्न विचारला असता: धबधबा पाहून तुला भीती वाटली का? वाटली असेल, पाण्याचा तो आवाज आणि खालचा खोल डोह पाहून पाय मागे सरले असतील, तर तिने 'सुंदर आणि भयंकर धबधबा' लिहावे. 'आणि' घातल्याबरोबर भयंकर पुन्हा धबधब्याचे विशेषण होते आणि मूळ अर्थाने उभे राहते. फक्त खूप आवडला असेल, तर काय आवडले ते लिहावे. तिने चूक केली असे मी म्हणणार नाही. दोन अर्थांतला कोणता हवा ते ठरवायचे राहिले, इतकेच.

लिहिणाऱ्या मोठ्यांसाठीही हेच. समजा, असे वाक्य माझ्यापुढे आले: 'काल रात्री झालेल्या भयंकर अपघातात भयानक जीवितहानी झाली असून घटनास्थळी अत्यंत भयावह दृश्य होते.' तीन विशेषणे, आणि वाचणाऱ्याला कळले काहीच नाही. किती माणसे गेली? गाडी कुठे आदळली? मदत किती वेळाने पोचली? ही माहिती भरली की तीनपैकी दोन विशेषणे आपोआप गळतात, आणि बहुतेक वेळा तिसरेही. 'गाडीचा पुढचा भाग निम्मा उरला होता' हे वाक्य कोणत्याही भयानकपेक्षा जास्त सांगते. जिथे तपशील देता येत नाही, किंवा द्यायचा नाही, तिथे एक नेमके विशेषण ठेवा. 'अत्यंत', 'अतिशय' मात्र त्याच्या मागे लावू नका. भीषण, दारुण, भयावह या शब्दांत टोक आधीच आलेले आहे.

राहिला शुद्धलेखनाचा भाग. सर्वांत जास्त दिसणारी चूक 'भंयकर'. अनुस्वार 'य'वर आहे, 'भ'वर नाही; 'म्'चा आगम भय या पूर्ण शब्दानंतर होतो, हे आठवले की ती चूक होणार नाही. 'भीषण' आणि 'भीष्म' यांतला 'भी' दीर्घ, कारण तत्सम शब्दांतले ऱ्हस्वदीर्घ, अन्त्य अक्षर सोडून, मुळाप्रमाणे ठेवायचे असतात. 'बीभत्स'मध्येही 'बी' दीर्घच, 'बिभत्स' चूक. 'भीती' सुटा लिहिताना शेवटची वेलांटी दीर्घ, पण समासाच्या पहिल्या पदात आला की मूळ ऱ्हस्व रूप परत येते, म्हणून 'भीतिदायक', 'भीतिग्रस्त'. १९६२च्या शासनमान्य नियमांपासून हे असेच आहे, तरी छापील मजकुरात 'भीतीदायक' अजून मुबलक सापडते. यांतल्या कोणत्याही विशेषणाचे रूप लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही: भयंकर वारा, भयंकर लाट, भयंकर वादळे. नाम करायचे तर 'पणा' किंवा 'ता' लावा, भयंकरपणा, भयानकता, भीषणता, दारुणता. 'भयाण' आणि 'भेसूर' यांना मात्र 'पणा'च शोभतो.